मंगल कार्यालयामागची तालीम

कोल्हापुरात नवख्या माणसाला कोणी एकटे पडू देत नाही, असे इथले लोक अभिमानाने सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. २०१८ मध्ये बँकेतल्या बदलीमुळे मी ठाण्याहून इथे आले, तेव्हा पहिल्याच रविवारी शेजारच्या वहिनींनी तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याचे डबे पाठवले होते, आणि ज्यांची माझी ओळखही नव्हती अशी माणसे दुपारी भेटली की "जेवलासा काय?" असे विचारत होती. तरीही सहा-सात महिने उलटले आणि संध्याकाळी मनमोकळे बोलावे असे एकही माणूस या शहरात आपल्याला नाही, हे माझ्या लक्षात आले. मुलगा पुण्यात शिकत होता, नवऱ्याची नोकरी ठाण्यातच होती आणि ताराबाई पार्कातल्या भाड्याच्या घरात मी पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच एकटी राहत होते. आदरातिथ्याला पाहुणा लागतो आणि पाहुण्याने थोडे अवघडून बसायचे असते. माझे तेच झाले होते. हळदी-कुंकवाला बोलावणे यायचे, मी जायचे, वाण घेऊन परत यायचे. आडनाव, मूळ गाव, मालक काय करतात आणि बँकेत नेमके पद कोणते, या चार प्रश्नांपुढे कोणाशीच बोलणे सरकत नसे. रंकाळ्याच्या पदपथावरून रोज फिरायला जाणाऱ्या बायकांचे गट मला दिसत, पण त्या गटांत शिरायचे कसे, हे काही केल्या कळत नव्हते.

सोनेतारण कर्जाच्या नूतनीकरणासाठी आलेल्या एका ग्राहक बाईंनी मला पहाटे एकत्र व्यायाम करणाऱ्या बायकांच्या एका गटाविषयी सांगितले. त्या गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरच्या सून होत्या. मार्केट यार्डातले सौदे, हंगामातली धावपळ आणि घरातला मोठा गोतावळा सांभाळून त्या पहाटे साडेपाचला राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या पटांगणात जात असत. "या की उद्या. लई अवघड न्हाई, पण सोपं बी न्हाई," असे म्हणून त्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला.

तिथे माझे आडनाव कोणी विचारले नाही. शिकवणारे सर हे एकेकाळचे पैलवान. गुडघ्याच्या दुखापतीनंतर कुस्ती सुटली आणि त्यांनी प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण करून महिलांसाठी ही तुकडी सुरू केली होती. त्यांनी जुनी दुखणी, बाळंतपणे, रक्तदाब आणि पाठ यांविषयी विचारले, वहीत लिहून घेतले आणि मला एका ताईंसमोर उभे केले. त्या ताई सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात परिचारिका आहेत, हे मला कितीतरी दिवसांनी समजले. त्या सकाळी मला एवढेच कळले की मी धावत जाऊन परत येईपर्यंत त्यांनी कोपरांवर शरीर तोलून प्लँकमध्ये थांबायचे आहे, आणि मी जितकी सावकाश धावेन तितका वेळ त्यांचे खांदे थरथरत राहणार आहेत.

या गटातल्या मैत्रीचे सारे इंगित मला त्या रचनेतच दिसते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते. सुरुवातीला सूर्यनमस्कार आणि सांधे मोकळे करण्याचे प्रकार होतात. त्यानंतर सर्किट लागते: स्क्वॉट म्हणजे बैठका, केटलबेल म्हणजे कडी असलेला वजनी गोळा, दोरीवरच्या उड्या, जोर आणि बर्पी (बसून हात टेकायचे, पाय मागे फेकायचे आणि उठून उडी मारायची) अशा थांब्यांवर चाळीस सेकंद काम आणि वीस सेकंद विश्रांती. शुक्रवारी टबाटा असतो. जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या सरावावरून इझुमी टबाटा यांनी अभ्यासलेली आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत कागदावर अगदी निरुपद्रवी दिसते: वीस सेकंद सर्व शक्तीनिशी काम, दहा सेकंद थांबणे, अशी आठ आवर्तने, म्हणजे अवघी चार मिनिटे. त्या चार मिनिटांतल्या शेवटच्या मिनिटात माणसाला आपले पद, पगार आणि प्रतिष्ठा यांपैकी काहीही आठवत नाही. बर्पी हा प्रकार रॉयल बर्पी या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात तंदुरुस्ती तपासण्याची झटपट चाचणी म्हणून योजला होता आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तो भरतीच्या वेळी वापरला. आमच्या सरांच्या मते तो तालमीतल्या सपाट्याचाच भाऊबंद असून शेवटी एक उडी जास्त आहे इतकेच, आणि या मताशी त्यांनी कधीही तडजोड केलेली नाही.

मात्र यातला बहुतेक व्यायाम एकटीने करायचा नसतो. तो जोडीने करायचा असतो आणि जोडी दर आठवड्याला बदलते. एकीचे काम संपल्याशिवाय दुसरीची सुटका होत नाही. ऑटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात बर्लिनमधल्या नौकानयन क्लबाच्या खेळाडूंवर प्रयोग केले होते. वजन उचलण्याचे काम जोडीने करायचे असेल आणि एकाने सोडल्यावर दोघांचेही थांबणार असेल, तर दोघांतला कमी ताकदीचा खेळाडू एकट्याने टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकतो, असे त्याला आढळले. आणि हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो दोघांच्या ताकदीत बेताचे अंतर असताना. सरांनी कोलरचे नावही ऐकलेले नाही, पण जोड लावताना ते हेच बघतात. अगदी बरोबरीची जोडी लावली तर चुरस लागते आणि फार विषम लावली तर एक जण कंटाळते व दुसरी खचते, हे त्यांना कुस्तीच्या हौद्यातल्या अनुभवावरून ठाऊक आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या नावाड्यांवर झालेला आणि २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेला अभ्यासही मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. त्याच खेळाडूंनी वल्ही मारण्याच्या यंत्रावर तेवढाच व्यायाम एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांबरोबर एका लयीत केला, आणि नंतर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा दंडावर पट्टा आवळून मोजली. एकत्र व्यायामानंतर ती स्पष्टपणे जास्त वाढलेली होती. संशोधकांनी त्याचा संबंध शरीरात स्रवणाऱ्या एंडॉर्फिन या वेदना दाबणाऱ्या द्रव्याशी जोडला. आम्हा बायकांना याचा पुरावा वेगळा नको असतो. घरी एकटीने वीस बर्पी काढताना जीव नकोसा होतो आणि पटांगणात त्या कधी झाल्या ते कळत नाही.

वेळाचा हिशेबही इथे आपोआप जमतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी असा अंदाज मांडला आहे की नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० तास आणि जिवलगपणा यायला २०० हून अधिक तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात. नोकरी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या मध्यमवयीन बाईने असे २०० तास आणायचे कुठून? भेटू या, एकदा निवांत बसू या, असे म्हणता म्हणता वर्षे जातात. रोज एक तास आणि आठवड्याचे पाच दिवस असा नेम असेल, तर मात्र ५० तास दहा आठवड्यांत भरतात आणि २०० तास चाळीस आठवड्यांत. त्यासाठी कोणाला निमंत्रण द्यावे लागत नाही, घर आवरावे लागत नाही, पोहे करावे लागत नाहीत.

बोलणे या गटात उशिरा सुरू होते, पण सुरू झाले की ते शरीरापासूनच सुरू होते, त्यामुळे त्याला आडपडदा राहत नाही. दोरीवरच्या उड्या आल्या की काही जणी पाणी प्यायला जात, काहींना नेमका त्याच वेळी फोन येई. सरांना ते आळशीपणाचे वाटत होते. एके दिवशी सर बाजूला गेलेले पाहून परिचारिका ताईंनी सरळ विचारले, "उड्या मारताना लघवी कुणाकुणाला होते? हात वर करा बघू." आधी शांतता, मग खसखस आणि मग जवळजवळ अर्ध्या तुकडीचे हात वर. बाळंतपणानंतर आणि वाढत्या वयात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, ते आवळण्या-सोडण्याच्या व्यायामाने बऱ्याच अंशी सुधारतात, आणि त्रास जास्त असेल तर डॉक्टरांकडे जायला लाजण्यासारखे काही नाही, हे त्यांनी तिथेच सांगितले. ज्या गोष्टी आम्ही सख्ख्या बहिणींनाही सांगितल्या नव्हत्या त्या पटांगणातल्या फरशीवर बसून बोलल्या गेल्या. सरांनाही नंतर नीट समजावण्यात आले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले आणि उड्यांना पर्याय म्हणून पायरीवर चढ-उतार ठेवली.

कोल्हापुरात राहून तालमींचा विचार केल्याशिवाय या सगळ्याकडे पाहता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत बाहेरगावांहून आलेली पोरे वाढली. तिथे पहाटे उठून जोर, बैठका आणि सपाटे मारायचे, हौदा खणायचा, लाल मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू कालवायचे, धाकट्याने थोरल्याचे अंग रगडायचे आणि वस्तादाचा शब्द मोडायचा नाही, असा शिरस्ता होता. पण तालीम केवळ पैलवान घडवत नव्हती. पेठेतला तरुण कोणत्या तालमीचा, यावरून त्याची ओळख ठरत असे, त्याच्या घरी लग्न असो की मयत, तालमीतली पोरे आधी हजर होत, आणि आजही त्या तालीम मंडळांचे गणेशोत्सव आणि फुटबॉलचे संघ शहरात किती जीव ओतून चालवले जातात, हे शाहू स्टेडियमवर सामना बघणाऱ्याला सांगावे लागत नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असेल तर त्या दिवशी शाखेत रजेचे अर्ज जास्त येतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

ही सारी व्यवस्था पुरुषांची होती. आता जिल्ह्यातल्या मुली कुस्ती खेळतात आणि राष्ट्रीय पातळीवर पदके मिळवतात, ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्या खेळाडू मुली आहेत. पेठेतल्या साध्या, संसारी बाईला रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडून घाम गाळावा, चार बायकांशी अंगाला अंग लावून कष्ट करावेत आणि त्यातून आपले असे एक वर्तुळ तयार व्हावे, अशी जागा या शहराने कधी दिली नाही. तिला देऊळ होते, भिशी होती, हळदी-कुंकू होते. या सगळ्यांत ती कोणाची तरी सून, आई किंवा बायको म्हणूनच जात असे. मंगल कार्यालयामागचे आमचे पटांगण ही बायकांना उशिरा मिळालेली तालीम आहे, असे माझे मत आहे, आणि नव्या पद्धतीच्या इंग्रजी नावांमुळे त्यात मुळात काही फरक पडत नाही.

याची परीक्षा २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, पाणी उपसा केंद्रे बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठा थांबला. आमच्यातल्या एका वहिनींचे घर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आहे. गणेश चतुर्थी महिन्याभरावर आली होती आणि त्यांच्या घरात व कारखान्यात कच्च्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या. म्हणजे वर्षाची सगळी कमाईच तिथे होती. पाणी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा त्यांनी गटावर एकच ओळ टाकली. गुळाच्या व्यापाऱ्यांच्या सूनबाईंनी घरचा टेम्पो काढला, मंगल कार्यालयाच्या मालकांनी हॉल उघडून दिला, आणि आम्ही गुडघाभर पाण्यात साखळी करून उभ्या राहिलो. मूर्ती हाताला किंवा सोंडेला धरून उचलायची नसते, तळाच्या पाटाखाली दोन्ही हात घालून ती छातीशी घ्यावी लागते. सर सकाळी ओरडून जे सांगत तेच टेम्पोच्या फाळक्याजवळ उभे राहून सांगत होते: "पाठ सरळ! गुडघ्यातनं उठा!" त्या रात्री माझ्या पुढे उभी असलेली बाई शहरातल्या एका मोठ्या सराफी पेढीच्या घरातली होती आणि मागे उभी असलेली एका मेसमध्ये चपात्या लाटणारी. त्यांची घरे मी त्यापूर्वी पाहिलेली नव्हती. पुढच्या आठवड्यात टँकरच्या पाण्याच्या कळशा कोणाच्या घरी किती पोहोचल्या, हेही याच साखळीतून ठरले.

टाळेबंदीचा काळ त्या मानाने सोपा गेला. मोबाईलच्या पडद्यावर व्यायाम सुरू राहिला, केटलबेल कोणाकडेच नव्हते, म्हणून दहा किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, प्लॅस्टिकमध्ये आणि मग टॉवेलमध्ये गुंडाळून आम्ही स्क्वॉट काढले. मे महिन्यात तो पाझरू लागला आणि मुंग्यांनी घर शोधले, तेव्हा त्याच्या जागी गव्हाची पिशवी आली.

या गोष्टीची दुसरी बाजूही मला दिसते. जे बळ माणसाला टिकवून धरते, तेच त्याला नको तितके पुढेही रेटते. तीव्र व्यायामाचा अतिरेक झाला, विशेषतः सवय नसताना, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्ये रक्तात मिसळतात आणि त्याचा मूत्रपिंडांवर गंभीर परिणाम होऊ शकतो. लघवीचा रंग गडद तपकिरी होणे ही त्याची धोक्याची खूण आहे. आपण थांबलो तर जोडीदारणीचेही अडेल, म्हणून न थांबण्याचा हट्ट तिथपर्यंत नेऊ शकतो. आमच्याकडे यासाठी एक नियम आहे आणि तो सगळ्यांत कडक आहे: कोणीही "बास" म्हटले की जोडीने त्याच क्षणी थांबायचे, कारण विचारायचे नाही आणि टोमणा मारायचा नाही. एका अतिशय उत्साही सदस्येला हा नियम मानवला नाही, ती दुसरीकडे गेली, आणि सरांनी तिला अडवले नाही. वजनकाटा आणि आधी-नंतरचे फोटो यांनाही इथे बंदी आहे. माझे वजन किती उतरले असा प्रश्न मला ठाण्याचे नातेवाईक विचारतात, आणि उतरलेले नाही असे सांगितल्यावर त्यांना माझी कीव येते.

कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या मावशी पहिल्या वर्षी रोज आमच्याकडे बघून हसत. "पैसं दिऊन घाम गाळायचा व्हय? माझ्याकडं या, फुकटात गाळवतो," असे त्या म्हणत आणि आम्ही ओशाळून हसत असू. त्यांच्या बोलण्याला माझ्याकडे आजही समाधानकारक उत्तर नाही. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला पहाटे आणखी बैठका काढायला सांगणे हा उद्धटपणा ठरेल, आणि तिला या वर्तुळात जागाच नाही असे म्हणणे हाही तितकाच. चपात्या लाटणाऱ्या ताईंची फी सर घेत नाहीत, हे आम्हाला कळले ते ताईंच्याच तोंडून. मावशींना मात्र व्यायामात रस नाही. पाठीच्या दुखण्यासाठी सरांनी दाखवलेले दोन ताण त्या करतात आणि उरलेला वेळ कठड्यावर बसून आमची मोजणी चुकली की ओरडतात.

बदलीच्या नियमाने मला पुढे सांगलीच्या शाखेत नेले. मी घर मात्र हलवले नाही आणि हातकणंगल्यावरून रोज ये-जा करते, कारण सकाळी साडेपाच ते साडेसहा ही वेळ सांगलीत राहून मिळाली नसती. सहकाऱ्यांना हा हिशेब पटत नाही.

सध्या आमच्यासमोरचा प्रश्न जागेचा आहे. कार्यालयाच्या मालकांना पटांगणावर वाहनतळ करायचा आहे आणि लग्नसराईत तर आताही आम्हाला खुर्च्यांच्या चळतींमधून वाट काढत व्यायाम करावा लागतो. जुन्या तालमींना पेठांनी जागा दिल्या, राजाश्रय मिळाला. आम्हाला अकरा महिन्यांच्या करारावर काम भागवावे लागते. म्हणून अनामत रकमेसाठी आम्ही भिशी सुरू केली आहे आणि तिचा हिशेब, बँकेतली म्हणून, माझ्याकडे आला आहे. उद्यमनगरच्या बाजूला एक जुनी शेड पाहून ठेवली आहे. तिथे रबरी मॅट घालायची की साधी कोब्याची जमीन ठेवायची, यावर दोन रविवार वाद झाला आणि मॅटचा खर्च पाहून कोबा जिंकला. आत एका कोपऱ्यात लाल मातीचा छोटा हौदा असलाच पाहिजे, असा सरांचा आग्रह आहे. त्याला तीन जणी सोडून सगळ्यांचा पाठिंबा आहे, आणि त्या तिघींचे म्हणणे एवढेच की मातीत घालायच्या ताकाची जबाबदारी कोणाची, ते आधी लेखी ठरवा.